पाजायला बसलेली बाई

आमच्या घरातल्या जुन्या ट्रंकेत एक चांदीचं बोंडलं आहे. मुठीत मावेल एवढं, पोटाशी गोल, पुढे निमुळती सोंड. चांदी काळवंडलेली, सोंडेच्या टोकाशी बारीक चेप. आजीच्या माहेरून, धारूरच्या बाजूच्या एका खेड्यातून, बाळंतविड्यात आलेलं. त्यातून माझे वडील प्यायले, काका-आत्या प्यायल्या, मीही प्याले. काय प्यायलो असं विचारलं की आजी बोटांवर मोजून सांगायची. पहिल्या दिवशी मध, पाचवी झाली की गुटी, मग शेळीचं दूध, आणि चैत्र लागला की पाणी. "लई न्हाई, उलसं. नरडं वलं व्हावं एवढंच."

त्या ‘उलसं’मध्ये किती जीव होता हे बीडचा उन्हाळा काढलेल्या माणसालाच कळेल. मार्च सरता सरता बालाघाटाच्या माळावरचं गवत करपून जातं. दुपारी बारानंतर गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. पूर्वी माळवदाची घरं होती, जाड भिंतींची, आत जरा गारवा असायचा. आता बहुतेक ठिकाणी पत्रे आले आणि पत्र्याखालचं घर संध्याकाळी सातलाही तापलेलंच असतं. अशा घरात दोन महिन्यांचं लेकरू ओठ चाटतंय हे बघून कोणत्या आजीचा हात पाण्याच्या वाटीकडे जाणार नाही? तिला अडाणी म्हणायला माझी जीभ वळत नाही. स्वतःच्या घशाला जे कळतं तेच ती लेकराच्या घशाला लावून बघत होती.

आईच्या दुधात शंभरातले साधारण ८७ भाग पाणीच असतं. पहिले सहा महिने बाळाला वरून पाण्याचा थेंब लागत नाही, वैशाखातही नाही. उलट बाळाचं इवलंसं पोट पाण्यानं भरलं की ते छातीला कमी लागतं, आणि ज्या विहिरीचं, ज्या टँकरचं ते पाणी असतं तिथली सगळी घाणही पोटात जाते. हे मला पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी बराच वेळ त्याच गोष्टीपाशी थांबले होते. आमच्या जिल्ह्यात कितीतरी गावांचा दिवस टँकर कधी येणार यावर ठरतो. जित्राबांसाठी पाणी, पाहुण्यांसाठी पाणी, लग्नघरासाठी पाणी, सगळ्यांचा हिशोब करावा लागतो. त्या गावात एकच माणूस असं असतं की ज्याच्यासाठी हंडा भरून ठेवावा लागत नाही. ते पाळण्यात असतं.

पण त्याचं पाणी आईच्या अंगातून येतं आणि आईचं पाणी तिनंच डोक्यावरून आणलेलं असतं. बाळ छातीला लागलं की बाईला एकाएकी तहान लागते. ज्यांनी पाजलं आहे त्यांना ही तहान ठाऊक आहे. ती साध्या तहानेपेक्षा वेगळी, आतून ओढून घेणारी. बाळ मांडीवर, दोन्ही हात अडकलेले, आणि पाण्याचा तांब्या चार हात लांब. तेवढा तांब्या उचलून हातात देणारं घरात कुणी आहे का? या विषयावर मी जे काही वाचलं, ऐकलं, पाहिलं, ते सगळं फिरून फिरून या एका तांब्यापाशी येऊन थांबतं. आणि पाणी समोर असूनही न पिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. उजेडी बाहेर जायला आडोसा नाही, म्हणून दिवसभर घोट-घोट करून काढणाऱ्या. त्यांच्या मांडीवरही तान्हं होतं.

"दूधच पुरंना बघा, लेकरू लई रडायलंय." हे वाक्य अंगणवाडीच्या ओट्यावर, दवाखान्याच्या रांगेत, एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून किती वेळा ऐकलं असेल. म्हणणारी बहुतेक वेळा विशीच्या आसपासची. तिच्याआधी हे वाक्य तिच्या सासूनं म्हटलेलं असतं, शेजारणीनं म्हटलेलं असतं. तिच्यापर्यंत येता येता ते पक्कं होऊन जातं. आणि मग वरचं दूध सुरू होतं. वरचं दूध आलं की बाळ छातीला कमी लागतं, छाती रिकामी होत नाही, आणि रिकामी न होणारी छाती हळूहळू कमी बनवू लागते. आठ-पंधरा दिवसांत ते वाक्य खरं ठरतं. खरं ठरलं म्हणून पुढच्या बाळंतिणीला ते आणखी ठामपणे सांगितलं जातं.

या शरीराची रीतच अशी आहे की मागितल्याशिवाय ते देत नाही. बाळ जितकं ओढेल तितकं बनतं. रात्री पाजलं की जास्तच बनतं, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जोरात असतं. दूध तयार असणं वेगळं आणि ते बाहेर येणं वेगळं. ते बाहेर सोडणारं दुसरं संप्रेरक मोठं लाजरं असतं. कुणी टोचून बोललं, भांडण झालं, मनात धास्ती बसली, की ते मागे सरतं. छाती दाटलेली, बाळ रडतंय आणि थेंब येत नाही. जुन्या बायका म्हणायच्या, पाजणाऱ्या बाईला बोलू नये, तिच्यासमोर रडगाणं गाऊ नये. प्रयोगशाळा न बघता त्यांना हे कळलं होतं. फक्त हा नियम घराघरांत पाळला गेला असता तर!

आमच्या नात्यातली एक मुलगी अंबाजोगाईला बाळंत झाली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं ते रुग्णालय. आसपासच्या तालुक्यांतून, शेजारच्या जिल्ह्यांतूनही बाया तिथे येतात. वॉर्डात गर्दी, पंख्याची घरघर, खाटांखाली पिशव्या, डबे, स्टीलचे तांबे. मुलगी दुसऱ्या दिवशी रडकुंडीला आलेली. बाळ तोंड लावायचं आणि सोडायचं, हिला कळ यायची. एक मध्यमवयीन सिस्टर आली. काही न बोलता खाटेच्या कडेला बसली. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकवलं, मानेखाली हात दिला आणि थांबली. बाळानं जांभईएवढा आ केला, त्या क्षणी तिनं त्याला खालून वर असं छातीशी आणलं. नुसतं टोक नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात गेला, खालच्या बाजूचा जास्त. हनुवटी छातीत रुतली, नाक मोकळं राहिलं. काही वेळानं गिळल्याचा आवाज आला. मुलीचे खांदे खाली आले. सिस्टर म्हणाली, "दुखंना ना आता? मंग बरोबर हाय." आणि पुढच्या खाटेकडे गेली.

इतकीच गोष्ट. पण ती सांगायला कुणी तरी शेजारी बसावं लागतं. आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल कित्येक वर्षं परिचारिकांना, आशाताईंना, अंगणवाडीसेविकांना हेच शिकवत आल्या आहेत: बाळ कसं धरायचं, तोंड किती उघडू द्यायचं, पकड चुकली तर कशी सोडवायची. आपल्याला वाटतं हे निसर्गानं शिकवलेलं असतं. ओढणं आणि गिळणं बाळाला जन्मजात येतं, पण आईला धरणं बघूनच येतं. पूर्वी एका वाड्यात चार लेकुरवाळ्या असायच्या, पोरी त्यांना बघत मोठ्या व्हायच्या. आज कित्येक मुलींनी पहिल्यांदा जवळून पाहिलेलं बाळ हे त्यांचं स्वतःचंच असतं.

पहिल्या दिवसाच्या चिकाबद्दलही असंच. घट्ट, पिवळसर, चमचाभर येणारा. नवजात बाळाच्या पोटाला एका वेळी तेवढाच लागतो. पण त्या चमचाभराकडे बघून घरातल्यांना वाटतं, एवढ्यानं काय होणार, आणि मधाची बाटली उघडते. आजीनं माझ्या वडिलांच्या वेळी चीक पिळून टाकला होता; तो जड असतो, बाधतो, असं तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. आईच्या वेळेपर्यंत डॉक्टर चीक पाजा म्हणू लागले होते, आणि चार ते सहा महिन्यांनी वरचं सुरू करा असं सांगायचे. पुरते सहा महिने फक्त आईचं दूध, हा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनं ठामपणे दिला तो २००१ साली. एका घरात तीन पिढ्या आणि तिघींना तीन वेगवेगळे शहाणपणाचे सल्ले. सासवा गोंधळतात त्यात त्यांचा काय दोष?

बोंडल्याची जागा मधल्या काळात डब्याच्या पावडरीनं घेतली. १९९२ साली देशात कायदा झाला. तान्ह्यांच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डब्यावर बाळाचं चित्रही छापायचं नाही. चांगला कायदा आहे, आणि तो झाला नसता तर काय झालं असतं हे मनात आणायलाही नको वाटतं. पण ज्या घरात डबा आणलाच जातो, तिथे तो महाग म्हणून पुरवून पुरवून वापरला जातो. दोन चमच्यांच्या जागी एक, आणि वर टँकरचं पाणी. बाळाचं पोट फुगलेलं दिसतं, भरलेलं नसतं.

जुन्या चालीत एक मोठी गोष्ट होती ती म्हणजे सव्वा महिना. माहेरची खोली, दाराला पडदा, कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर ओवा-बाळंतशोपा टाकून धुरी. सकाळी अंग रगडायला एखादी म्हातारी यायची. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणाचं तिखट, अळिवाचे-डिंकाचे लाडू, खारीक-खोबऱ्याची पूड. घरात इतर वेळी तुपाचा थेंब नसला तरी बाळंतिणीच्या ताटात तो कुठून तरी यायचा. त्यातही वाईट चाली होत्याच. बाळंतिणीला पाणी मोजून द्यायचं, कोंदट अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, लेकराला मध-गुटी चाटवायची. शेपूनं दूध किती वाढतं हे मला ठामपणे सांगता येणार नाही. पण शेपू निवडणारी, चुलीवर घालणारी, ताट समोर आणून ठेवणारी दुसरी बाई होती, आणि तिच्यामुळे बाळंतीण दिवसभर नुसती पाजत बसू शकत होती. सव्वा महिन्याचं खरं बळ मला त्या दुसऱ्या बाईत दिसतं. तान्हं बाळ दिवसरात्रीत आठ-दहा-बारा वेळा पितं, कधी अर्धा अर्धा तास. एवढा वेळ एका जागी बसून राहायचं म्हणजे त्या वेळाचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडणारच.

सव्वा महिना सगळ्यांना मिळायचा असंही नाही. ज्यांच्या घरी खायला होतं आणि हाताखाली माणूस होतं त्यांचा तो. शेतमजूर बाई बाराव्या दिवशी खुरपायला गेलेली आजीनं पाहिली होती. अशा वेळी घरी राहिलेली जाऊ स्वतःच्या लेकराबरोबर तिचंही लेकरू छातीला लावायची. आजी अशा दोघांची नावं सांगायची; ते म्हातारे होईतो एकमेकांना सख्ख्या भावासारखे होते. १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका आईचं जास्तीचं दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला. तिथे दूध निर्जंतुक करून, गोठवून ठेवतात. घरी राहिलेल्या त्या जावेकडे यातलं काही नव्हतं, मन मात्र तेच होतं.

मुलींबद्दल लिहायचं मी टाळत होते, पण बीडमध्ये बसून ते टाळता येत नाही. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. ज्या जन्माला आल्या त्यांच्या वाट्याचं दूधही कधी कधी लवकर आटवलं जातं. त्यामागे दुष्टपणा असतोच असं नाही. रात्रंदिवस अंगावर पाजत असताना पाळी लांबते, दिवस जायला वेळ लागतो, हे बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आणि ज्या घराला पुढचा मुलगा घाईनं हवा असतो, त्या घरात मुलीला "आता सोडव तिला" असं लवकर म्हटलं जातं. सीमा जयचंद्रन आणि इलियाना कुझिएम्को या दोन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी २०११ साली भारतातल्या आकडेवारीतून हेच दाखवलं: मुलींना मुलांपेक्षा कमी काळ पाजलं जातं, आणि कारण पुढच्या मुलाची वाट. मी ते वाचलं तेव्हा मला आकडे दिसले नाहीत. आमच्या गल्लीतली तिसरी मुलगी दिसली. तिच्या आईनं छातीला कडुनिंबाचा पाला वाटून लावला होता. पोरगी तोंड लावायची, कडू लागून रडायची, आणि पुन्हा तोंड लावायची.

आणि मग दसरा-दिवाळी येते. पाटोदा, शिरूर, आष्टी, गेवराई, वडवणी, केज, धारूर. रस्त्यांवर ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर दिसू लागतात. ट्रॉलीत भांडी, ज्वारी-बाजरीची पोती, कोपीसाठी ताडपत्री, शेळी, कोंबड्या, लेकरं. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, पलीकडे कर्नाटकात बेळगाव-बागलकोटपर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते ती जोडीच्या नावावर. तो ऊस तोडतो, ती पाचट साळते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून चढत ट्रॉली भरते. एकटा नवरा म्हणजे अर्धा कोयता. बाई एक दिवस बसली की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. या हिशोबात लेकरू पाजायला बसण्याचा अर्धा तास कुठे लिहायचा?

साखरेचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. आणि बाळाचं निव्वळ आईच्या दुधाचं वयही सहा महिन्यांचं. श्रावणात, भादव्यात जन्मलेल्या बीडच्या कितीतरी लेकरांचं त्यातलं बरंचसं वय उसाच्या फडात जातं. पहाटे चारला, डिसेंबरच्या थंडीत, कोपीतून उठून फडावर. लेकरू गोधडीत गुंडाळून बांधावर ठेवायचं, नाहीतर ट्रॉलीला साडीची झोळी बांधायची. बाजूला पाचटाची धूळ, कुठे साप-किरडू. जुन्नर, अहिल्यानगरच्या पट्ट्यात बिबट्याचं भय. मोळी बांधता बांधता बाईचा एक कान झोळीकडे असतो. तिला पान्हा फुटतो, झंपर ओला होतो, वरून नवऱ्याचा शर्ट घातलेला असतो तो भिजतो, पण ट्रॉली भरायची असते. ट्रॅक्टर थांबत नाही, आणि ट्रॅक्टर थांबला तर टोळीतली बाकीची माणसं थांबतात. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळतात. लाजरं दूध अशा नजरांपुढे कसं येणार?

तरीही या बायका पाजतात. हे सांगितलं पाहिजे, कारण त्यांच्याबद्दल बोलताना आपण फक्त हाल सांगतो. फडावर पैसे देऊन घ्यायचं दूध परवडत नाही हे एक कारण. पण तेवढंच नाही. एका बाईनं मला सांगितलं होतं, दिवसभरात तेवढंच काय ते बूड टेकतं, लेकराच्या निमित्तानं. ती हसत सांगत होती. मी विचारलं, मग मोळ्या? ती म्हणाली, "थोरली हाय की."

थोरली म्हणजे सात वर्षांची मुलगी. झोळी हलवायची, लेकरू रडलं की उचलून आईपाशी न्यायचं, आई पाजत असेल तेवढा वेळ पाचट गोळा करायचं, मोळीचा बंद वळायचा. तिचं नाव गावाकडच्या शाळेत पटावर असेल. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, आणि कित्येक मुलं त्यामुळे शिकलीही. पण घरात तान्हं असलं की थोरलीला मागे ठेवता येत नाही. म्हणजे त्या बाळाला सहा महिने निव्वळ आईचं दूध मिळालं, आणि ते मिळावं म्हणून त्याच्या बहिणीचं शाळेचं वर्ष गेलं. स्तनपानाबद्दल बोलणाऱ्या कुठल्याही फलकावर ही मुलगी मी पाहिलेली नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो. गोऱ्यापान आईचं चित्र, मांडीवर गुबगुबीत बाळ, मागे फुलं. आईला समजावून सांगा, आईचं प्रबोधन करा, असा सगळा सूर. फडातल्या आईला जे ठाऊक नाही असं त्यात फारसं काही नसतं.

ज्यांच्याकडे थोरली नाही, त्या कधी सासूला सोबत नेतात, कधी तीन-चार महिन्यांचं लेकरू गावी सासूपाशी ठेवून जातात. मग फडावर आईची छाती दाटून येते, ती बांधाआड जाऊन दूध मातीत पिळते. आणि कित्येक कोसांवर गावात म्हातारी वाटी-चमच्यानं शेळीचं दूध पाजत बसते. दोन्हीकडे कुणीच काही चुकीचं करत नसतं.

याच बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याच्या बातम्यांनी २०१९ साली बीड देशभर पोचलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली, चौकशी झाली, नियम कडक झाले. पाळीच्या चार दिवसांची सुट्टी ज्या कामात नाही, त्या कामात पाजण्याची सुट्टी कुठून असणार? हे दोन वेगळे प्रश्न मानले जातात. मला ते एकाच बाईच्या एकाच दिवसातले वाटतात.

कायद्यानं नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आहे. मूळ १९६१च्या कायद्यातली, २०१७ साली वाढवलेली. २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. पुढे बाळ पंधरा महिन्यांचं होईतो कामाच्या वेळात पाजायला दोन सुट्ट्याही. ज्यांनी हा हिशोब बसवला त्यांना बाळाचं वय ठाऊक होतं. पण हे सगळं दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांसाठी, आणि फडाला आस्थापना म्हणायला कुणी तयार नाही. मुकादम म्हणतो मी मधला, कारखाना म्हणतो ही आमची माणसं नाहीत. गरोदर आणि पाजणाऱ्या आईला सरकारकडून काही हजार रुपये मिळतात, अंगणवाडीतून शिधा मिळतो. त्यातला शिधा गावात येतो तेव्हा ती फडावर असते.

आजी बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायची त्यात एक म्हातारी असायची. दुष्काळी कामावर आजी खडी फोडायला जात होती, वडिलांच्या पाठचा माझा काका तेव्हा अंगावर पीत होता. कामाच्या कडेला लिंबाचं झाड, त्याखाली गोधड्यांवर दहा-बारा लेकरं, आणि त्यांना राखायला ती म्हातारी. तिला खडी फोडता येत नव्हती, हात थरथरायचे. तिचं काम एवढंच, की लेकरू भुकेनं रडतंय की उगीच हे ओळखायचं आणि भुकेनं रडत असेल तर आईचं नाव घेऊन हाक मारायची. मग ती बाई हातोडा टाकून झाडाखाली जायची, पाजायची. सुकडी मिळायची ती तिथेच बसून खायची. आजी म्हणायची, त्या दुष्काळात खायला नव्हतं, पण लेकरू उपाशी राहिलं नाही. मी लहान असताना मला वाटायचं, ही आजीची नेहमीची जुन्या काळाची ओढ. पुढे रोजगार हमीचा २००५चा केंद्राचा कायदा चाळताना मला ती म्हातारी तिथे भेटली. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमावं, आणि तिला मजुरी द्यावी, असं त्यात लिहिलेलं होतं. किती ठिकाणी ती बाई खरोखर नेमली गेली हा वेगळा विषय. पण लेकरं राखणं हे काम आहे आणि त्याला मजुरी असते, एवढं तरी कुणी तरी कागदावर आणलं.

उसाच्या टोळीत दहा-वीस कोयते असतात. त्यात एका बाईचं काम लेकरं राखणं एवढंच असेल, तिचा भार कारखान्यानं उचलावा, असं मनात धरून मी कितीदा तरी हिशोब मांडून पाहिला आहे. साखरेच्या पोत्यामागे तो किती पडेल? चहाच्या एका कपाला तरी तो जाणवेल का?

एसटी स्थानकांत आता हिरकणी कक्ष असतात, प्रवासात पाजायला एक आडोसा. काही ठिकाणी चांगले, काही ठिकाणी कुलूप. कुलूप नसलेल्या एका कक्षात मी बसले आहे. आत फक्त एक बाक आणि पंखा होता, आणि तेवढं पुरेसं होतं. हिरकणीची गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना माहीत. रायगडाचे दरवाजे मिटले, घरी तान्हं बाळ, ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिची साडीचोळी केली, तिथे बुरूज बांधला. लहानपणी मला या गोष्टीत एकच शंका यायची: ती येईपर्यंत बाळाला घेऊन कोण बसलं होतं? आईला विचारलं तर आई म्हणाली, कुणी नव्हतं म्हणून तर ती उतरली. ते उत्तर मला तेव्हा पटलं नाही, अजून पटलेलं नाही. वाडीत एवढी घरं असताना कुणीच कसं नव्हतं?

मागच्या चैत्रात कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, माणसं परत आली. अंगणवाडीत वजनकाट्यापाशी एक जण भेटली, मांडीवर सात महिन्यांचं बाळ, चांगलं भरलेलं. सेविकेनं वजन लिहिलं आणि कौतुकानं विचारलं, फडावर राहून इतकं कसं गं? तिनं सासूकडे बोट केलं. सासू दाराशी उभी होती, वाकलेली, गुडघ्यावर हात ठेवून. ती म्हणाली, "म्या काय केलं? म्या निस्तं लेकरू धरलं. अन्‌ मधल्या वक्ताला तिच्या मोळ्या बांधल्या." मग सून सांगू लागली, पहाटे निघताना सासू तिच्यासाठी पाण्याची बाटली वेगळी भरून घ्यायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. बोलता बोलता कळलं की तिला पुन्हा दिवस गेलेत, कार्तिकात होईल. म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर. सेविका म्हणाली, औंदा तरी थांब घरी. सून काही बोलली नाही. सासूच म्हणाली, "मपले गुडघे आता चालंनात. म्या काय येत न्हाई औंदा." तोवर सुनेनं बाळाला पदराखाली घेतलं होतं. सेविकेनं वही मिटून विचारलं, मग कोण जाणार सोबत? सून म्हणाली, "बगू. मुकादमाची उचल तर घेऊन बसलाव."